यादीत न लिहिलेलं तेरं

आत्तीला जाऊन आज सतरा दिवस झाले. सुतक फिटलं, भात कापणीला आलं, घरातली माणसं पहाटेच विळे घेऊन बाहेर पडतात. माझ्या रजेचे अजून चार दिवस उरले आहेत. ओसरीवर बसून मी एक अर्ज लिहितो आहे आणि तो काही पुरा होत नाही. म्हणून आधी हे लिहितो.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा वारला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी परत आली. माझी आई मी चालायला लागायच्या आधीच गेली होती. त्यामुळे मला आत्तीनेच वाढवलं. आमचं गाव सुप्याकडं, गुंदपासून दोन कोसांवर, रानात. घरं सातच. शेत वडिलांचं आणि चुलत्याचं. त्यात आत्तीचा वाटा नव्हता, आणि तो असावा असं तिच्यासकट कुणाच्या मनात आलं नव्हतं. पण ज्या घरात आपण जेवतो तिथं आपल्या हातानं काहीतरी आणून टाकलं पाहिजे, असं ती धरून चालायची. ती आणायची ते तेरं.

तेरं म्हणजे रानातलं अळू. परड्यातल्या अळवापेक्षा पान लहान, देठ काळसर. त्याला ऊन सोसत नाही. आमच्या गावाच्या वर, उतारावर एक झरा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना मोठमोठी झाडं एकमेकांत इतकी मिसळली आहेत की वैशाखातसुद्धा खालची माती पायाला गार लागते. तिथं तेरं बारा महिने असतं, आणि पाऊस पडला की पाय ठेवायला जागा राहत नाही. त्या जागेला आमच्या बायका नुसतं ‘सावली’ म्हणत. ‘सावलीत जाऊन येते’ म्हणजे तेरं आणायला जाते.

खुडायचे नियम होते. उलगडलेलं पान घ्यायचं नाही. अजून सुरळीत असलेलं कोवळं पान तेवढं घ्यायचं. एका झाडाचं एकच घ्यायचं. घरी आणल्यावर आत्ती एकेका सुरळीची गाठ मारायची, जशी पोरीच्या वेणीला शेवटी मारतात. मग फणसाच्या आठळ्या, ओलं खोबरं, सुक्या मिरच्या आणि आंबटाला कोकमाची सोलं. भाद्रपदात आंबाडे मिळाले तर सोलांऐवजी आंबाडे ठेचून. शेवटी लसणीची फोडणी. आंबट कमी पडलं तर घशाला काटे टोचल्यासारखं होतं. म्हणून तेरं चुलीवर असताना किंवा पानात वाढलेलं असताना ‘खाज’ हा शब्द उच्चारायचा नाही, अशी आमच्याकडे सक्त रीत. एकानं म्हटलं की सगळ्यांच्या घशाला सुटते म्हणतात. टोचलं तरी पाणी प्यायचं आणि गप्प बसायचं.

आषाढात कणगीतलं भात तळाला जाई तेव्हा सातही घरांत दिवसाआड तेऱ्याचं आंबट असे. सावलीत कोण कधी जाणार, कोणत्या बाजूनं खुडणार, हे आत्ती ठरवायची. बाळंतिणीच्या घरी कुणी पोचवायचं तेही तीच सांगायची. देवळात किंवा पंचांत तिला कुणी विचारत नसे. सावलीत मात्र तिचा शब्द चाले.

मी शिकलो ते खानापुरात, मावशीच्या घरी राहून. तिथं शाळेत मला पहिल्या आठवड्यातच कुणीतरी विचारलं होतं, “तुमच्याकडं पावसात काय खातात रे?” मी तेऱ्याचं सांगितलं. तर बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मग शेळ्या कशाला पाळता? पाला तर तुम्हीच संपवता!” सगळा वर्ग हसला. मास्तरही हसले, वाईटपणानं नव्हे, पण हसले. त्यानंतर सहा वर्षं मी तेऱ्याचं नाव काढलं नाही. मावशीनं एकदा केलं तेव्हा पोट दुखतंय म्हणालो.

सातवीची परीक्षा पास होऊन मी अठराव्या वर्षी घरी आलो. त्याच साली आमच्या भागातल्या रानाची मोजणी चालली होती. कुठलं रान सरकार राखणार, गावाला कशाची मोकळीक ठेवणार, हे ठरायचं होतं. गावोगावी हुकूम आला की रानातून तुम्ही काय काय आणता त्याची यादी करून द्या. यादीत असेल ते मिळेल.

आमच्या सात घरांत लिहिता येणारा मी एकटा. फाल्गुनात एका सकाळी आमच्या अंगणात सगळे जमले. मी पाटावर दौत ठेवून बसलो, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. चुलते सांगत होते, मी लिहीत होतो.

“सरपण लिव्ह. वाळकं.”

“लिहिलं.”

“शेताला घालाय सोप्पु. कुंपणाला काटी, बांबू. छपराला गवत.”

सोप्पु म्हणजे खताचा हिरवा पाला. मी ‘शेताकरिता पाला’ असं लिहिलं. मध, मेण, शिकेकाई लिहिली. कुणी दोन मुळ्यांची नावं सांगितली, ती मी ‘औषधी वनस्पती’ अशी घातली. तो शब्द कागदावर शोभून दिसला.

बायका दाराआड उभ्या होत्या. चुलती म्हणाली, “लिव्ह बाबा, सावली तुझ्या आत्तीच्या नावावर करून टाक एकदाची.”

“माझ्या नावावर कशाला?” आत्ती म्हणाली. “सगळ्यांच्या कर. तेरं लिव्हलंस न्हवं रे?”

पुढं घडलं ते फार थोड्या वेळात घडलं. मी लेखणी दौतीत बुडवली. मला डोळ्यांपुढं तो कारकून दिसला जो हे कागद कानडीत उतरवणार होता. तो शेजारच्याला दाखवतो आहे, ‘बघा, सुप्याकडची ही माणसं पाला खातात, आणि सरकारला लिहूनही कळवतात.’ माझ्या अक्षरात. खाली माझी सही.

“लिहिलं,” मी म्हणालो.

मी ‘शिकेकाई’च्या वेलांटीवर पुन्हा एकदा लेखणी फिरवली आणि कागद वाळू घातला.

विसरलो असतो तर गोष्ट वेगळी होती. मी विसरलो नव्हतो. बाकी सगळ्याला यादीत जागा दिली आणि रोज आमच्या पानात येणाऱ्या एकाला मी जाणूनबुजून बाहेर ठेवलं. आणि मनाशी म्हटलं, पाल्याला कोण अडवणार आहे? रानात एवढी पानं आहेत.

वैशाखात मोजणीच्या साहेबाचा तंबू गुंदला पडला. हरकती ऐकायला तो तिथं काही दिवस राहणार होता. त्याच आठवड्यात एका दुपारी जंगलखात्याचा नवा गार्ड चार बायकांना पुढं घालून आमच्या अंगणात आला. आत्ती सगळ्यांच्या पुढं होती. टोपली तिच्या कमरेवर. ती घाबरलेली नव्हती, उलट तिला जरा चेव चढला होता.

“ह्याला कागद दावा,” ती चुलत्यांना म्हणाली. “आयकतच न्हाई. मी सांगतेय, लिव्हलेलं हाय, आमच्या पोरानं लिव्हलंय, तर म्हनतो खायाला पाला न्ह्यायचा न्हाई.”

गार्ड घाटाखालचा, कानडी मुलखातला. माणूस वाईट नव्हता. उन्हानं दमला होता. “अक्का, मी काय म्हनलो? असेल तर घेऊन जा, माझं काय जातंय? यादी असेल की तुमच्याकडं. वाचा.”

यादीची नक्कल चुलत्यांच्या पेटीत होती. ती त्यांनी काढली आणि माझ्यापुढं धरली, कारण दुसरं कोण वाचणार?

सात घरांतली जवळजवळ सगळी माणसं जमली होती. मी वाचायला लागलो. मला खोटं वाचता आलं असतं. शेवटी ‘आणि तेरं’ असे दोन शब्द जोडले असते तर अंगणात कुणाला कळलं नसतं. पण गार्डनं कागद हातात घेतला असता आणि ओळी मोजल्या असत्या, अशी मला भीती वाटली. आता वाटतं, त्यानं मोजल्या नसत्या. मी एकेक ओळ वाचत गेलो. आत्ती प्रत्येक ओळीला मान हलवत होती. शिकेकाई आली, औषधी वनस्पती आली, सही आली. मी थांबलो.

“म्होरं?” चुलती म्हणाली.

“पुढं नाही.”

आत्तीनं माझ्याकडं पाहिलं, फार वेळ नव्हे. मग टोपली खाली ठेवून ती गार्डाला म्हणाली, “माझंच ध्यान न्हाई बघा. मीच सांगायची इसरले ह्याला. घाईत हुते.”

“अशी कशी इसरलीस गं?” चुलती म्हणाली. “माझ्यासमोर तर इचारलीस.”

“ते दुसरं काय तरी इचारलं. तू आपल्या कामाचं बघ.”

गार्डनं टोपलीतलं तेरं तिथंच ओतायला लावलं नाही. एवढं आज खा म्हणाला. जाताना तो म्हणाला, “साहेब परवापर्यंत गुंदात हाय. हरकत असली तर जाऊन सांगा, लिहून घेतो तो. मागनं मात्र न्हाई चालायचं. मग मला धरावं लागंल.”

हे सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं.

त्या दोन दिवसांविषयी मला जास्त लिहायला हवं, पण लिहिण्यासारखं काही केलंच नाही. मी माळ्यावर पुस्तक घेऊन पडून होतो. गुंदला जायचं तर आत्तीबरोबर मलाच जायला हवं होतं, आणि तिथला कारकून पहिल्यांदा हेच विचारणार, यादी कुणी लिहिली? मी मनात उत्तरं तयार करत होतो आणि एकही टिकत नव्हतं. पहिल्या दिवशी आत्तीनं तिचं बाहेर जायचं लुगडं धुतलं आणि परड्यात बांबूवर वाळत घातलं. मी माळ्याच्या खिडकीतून पाहिलं. लग्नसराईचे दिवस होते, कुठं जायचं असेल असं म्हणून मी पान उलटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भाकरी करता करता विचारलं, “आज काय करनार हाईस रं?”

“वाचणार आहे.”

“वाच हो,” ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तंबू उठला.

पावसाळा लागला. गार्ड पहिल्यांदा नुसता ओरडला, मग एकदा त्यानं आत्तीची टोपली हिसकावून वाटेवर ओतली आणि बुटानं चिरडली. ती रिकामी टोपली घेऊन आली तेव्हा वाटेवरच्या घरातली एक बाई म्हणाली, “काय, शिकल्याल्या भाच्याची आत्ती! सरकार तुमच्या घरातच की, आनि टोपली रिकामी?” बाई थट्टेखोरच होती. पण त्यानंतर सावलीत कोण कधी जाणार हे आत्तीला विचारायला कुणी आलं नाही. ज्या गेल्या त्या एकेकट्या, चोरून गेल्या. घाईत हाताला येईल ते खुडायच्या, उलगडलेली पानंही. एका झाडाचं एक हा नियम दोन पावसाळ्यांत मोडला.

आत्तीनं चोरी केली नाही. तिनं झऱ्याकाठून आधीच कधी आणलेले तेऱ्याचे चार कांदे न्हाणीच्या पाण्यावर, परड्यात लावले. तिथं झाड नव्हतं, ऊन सरळ पडायचं. ती त्यांच्यावर केळीची पानं बांधायची, वाऱ्यानं ती उडून जायची, ती पुन्हा बांधायची. तेरं वाढलं, पण पिवळट आणि राठ. भाद्रपदात तिनं त्याचं आंबट केलं. दुप्पट आंबाडे घातले होते. तरी पहिल्याच घासाला माझा घसा आतून ओरबाडला गेला. पंगतीत वडील होते, चुलते होते. सगळ्यांचे डोळे पाणावले होते आणि सगळे खाली मान घालून जेवत होते. रीतीप्रमाणे कुणी ब्रही काढला नाही. आत्तीनं शेवटी आपलं पान घेतलं, एक घास खाल्ला आणि उरलेलं भांडं उचलून गोठ्यामागं नेऊन ओतलं. परत आली ती म्हणाली, “त्याला सावलीच पायजे. उन्हात त्याचा सभावच बिगडतो.” त्यानंतर तिनं परड्यात तेरं लावलं नाही.

मी मास्तर झालो. पगार सुरू झाला. दर सुटीला आत्तीसाठी काही ना काही न्यायचो, घोंगडं, चष्मा, गूळ. ती म्हणायची, कशाला रे. मी तिला ते सगळं का देत होतो हे मला ठाऊक होतं. तिला ठाऊक नाही असं समजून मी वीस वर्षं काढली.

ह्या भाद्रपदात निरोप आला म्हणून मी आलो. ती अंथरुणाला खिळली होती, पण शुद्ध चांगली होती. एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. मी तिला पेज भरवत होतो. काही ठरवून नव्हे, पण वाटी संपली आणि मी बोललो.

“आत्ती, त्या यादीत तेरं मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. तू सांगितलं होतंस. मला लाज वाटली.”

तिनं रिकाम्या वाटीकडं पाहिलं. ऐकू गेलं नाही असं वाटून मी पुन्हा म्हणालो.

“आयकलं रं,” ती म्हणाली. “मला काय ठावं न्हाई? तू वाचत हुतास तवाच कळलं. कान कसे लाल झालते तुझे.”

“मग तू माझ्यावर का नाही टाकलंस? स्वतःवर का घेतलंस?”

“एवढ्या मान्सांत? नवा पास झाल्याला तू.”

मला वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ दे. मी त्याची वाटच पाहत होतो. सांगून टाकल्यानं माझं ओझं थोडं उतरलंही होतं, आणि त्याची मला लाज वाटायची अजून बाकी होती.

“दोन दिस हुते की,” ती म्हणाली. “साहेब हुता दोन दिस. मी लुगडं धुऊन ठेवलं. म्हनलं, पोरगं आज उठंल, उद्या उठंल, म्हनंल चल आत्ती. मला एकटीला जाता आलं असतं. दोन कोस म्हंजे काय? पन तितं इचारतील, लिव्हलं कुनी, आनि मला तुझं नाव घ्यावं लागंल. तू संगं असतास तर तूच बोलला असतास. म्हनून थांबले.”

“मला कळलं नाही.”

“व्हय. वाचत हुतास तू.”

ती रागानं बोलली नाही. तोंड पुसायला फडकं मागितलं. मग मी उठायला लागलो तेव्हा म्हणाली, “सांगायचं तर तवा सांगायचं हुतं बघ. आता मला सांगून कुनाची टोपली भरनार?”

एवढंच. तिनं क्षमा केली असं मी म्हणू शकत नाही, आणि केली नाही असंही नाही. तिला तो प्रश्न महत्त्वाचा वाटला नाही. तिला टोपली महत्त्वाची वाटली. त्यानंतर ती बारा दिवस जगली, आणि त्या बारा दिवसांतही मी अर्ज लिहिला नाही. औषध आणणं, वैद्याकडं जाणं, कारणं होती.

सुतकात शेजारच्या घरून जेवण आलं. त्यात तेऱ्याचं आंबट होतं. ते घेऊन आलेली मुलगी त्या घरचीच लेक. मी सहज विचारलं, सावलीतलं का? तर ती दचकली. “न्हाई मास्तर, परड्यातलं हाय,” ती म्हणाली, आणि भांडंही न घेता गेली. परड्यातलं ते नव्हतं. जेवलो तेव्हा घशाला काहीच टोचलं नाही. आमच्या गावच्या पोरी आता जन्मल्यापासून त्या पानाला चोरीचा माल म्हणून ओळखतात, आणि मला सरकारचा माणूस म्हणून.

तर हा अर्ज. नवे जंगल अधिकारी आले आहेत, ऐकून घेतात म्हणतात. मी चार वेळा लिहिला. मागणी नीट लिहिता येते: सदर पाला सात घरांच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या खाण्याकरिता आणतात, झाडास इजा होत नाही, एका झाडाचं एकच पान घेतात. इथपर्यंत हात थांबत नाही. मग कारण द्यावं लागतं, मूळ यादीत हा पाला का नाही? चारही वेळा मी लिहिलं, ‘नजरचुकीने राहिला.’ कचेरीला हा शब्द चालतो. रोज शंभर कागदांवर तो असतो आणि कुणी पुढं विचारत नाही.

आज सकाळी तो खोडला. त्या जागी लिहिलं, ‘यादी लिहिणाऱ्यास सदर पाला ठाऊक होता व लिहिण्यास सांगितलेही होते. लाज वाटल्याने त्याने लिहिला नाही. यादी लिहिणारा प्रस्तुत अर्जदारच होय.’ कारकून हसेल. कदाचित माझ्या खात्यापर्यंतही गोष्ट जाईल. अर्ज नाकारलाही जाईल. वीस वर्षं उशीर आहे.

पण अर्जावर सातही घरांतल्या बायकांचे अंगठे हवेत, आणि अंगठा घेण्याआधी मजकूर वाचून दाखवायचा असतो. बायका आज तिन्हीसांजेला शेतावरून परततील. चुलतीलाही बोलावणं धाडलं आहे. ती आता काठी टेकत चालते, पण तिला सगळं आठवतं. अंगणात घोंगडी अंथरून ठेवली आहे. शाई तयार आहे.